रामेश्वराच्या वाटेवरील एक सूतिकागृह

बारा ज्योतिर्लिंगांचे स्तोत्र ज्या घरी प्रातःस्नानानंतर म्हटले जाते, तेथील वाचकांच्या ध्यानात हे आलेच असेल की, रामेश्वर आणि नागेश ही दोन नावे त्यात अगदी शेजारी शेजारी बसली आहेत. प्रत्यक्षात मात्र त्यांच्यामध्ये जवळजवळ सारा दक्षिण देश पसरलेला आहे. औंढ्याचा नागनाथ आमच्या हिंगोलीपासून पंचवीसेक किलोमीटरांवर. सोमवारी सकाळी जाऊन दुपारच्या जेवणाला परत यावे इतका जवळ. रामेश्वर म्हणजे जन्मातून एकदा घडली तर घडावयाची यात्रा. आम्हास ती गेल्या माघात घडली. परंतु या लेखात आम्ही सांगणार आहोत ते रामेश्वराचे माहात्म्य नव्हे. ते सांगणारी पुस्तके पुष्कळ आहेत. पांबनची खाडी ओलांडण्यापूर्वी मंडपम् नावाचे एक लहानसे गाव लागते. तेथे आम्ही एक सूतिकागृह पाहिले. त्यात प्रसूत होतात ते मासे, आणि बाळंतपणाची सारी उठाठेव करतो तो बाप!

मासा म्हटल्याबरोबर आमच्या पंक्तीतील काही मंडळी पान दूर सारतील, हे आम्ही जाणून आहोत. त्यांनी निश्चिंत असावे. हा मासा खावयाचा नव्हे, पाहावयाचा आहे.

आता हिंगोलीच्या माणसास समुद्रातील माशाची पंचाईत कशाला, असे कोणी विचारील. कयाधूच्या काठी राहणाऱ्या आम्हांपासून समुद्र कोणत्याही दिशेस गेले तरी चारशे किलोमीटरांच्या आत सापडावयाचा नाही. तरीही आमच्या नागनाथाच्या कथेत समुद्र आहेच. दारुक नावाच्या राक्षसाने व त्याच्या पत्नीने आपले सगळे वन उचलून भर समुद्रात नेले, येणाऱ्याजाणाऱ्या नावांतील माणसे धरून तेथे कोंडून ठेवली, आणि त्या बंदिवानांतील सुप्रिय नावाच्या वैश्यासाठी भगवान शंकर प्रकट झाले, अशी ती कथा आहे. द्वारकेकडील लोक नागेश आपलाच म्हणतात. तो वाद येथे काढीत नाही. लहानपणी औंढ्याच्या देवळात, जमिनीखालच्या त्या अरुंद गाभाऱ्यात वाकून उतरताना, आम्हास नेहमी वाटे की आपण दारुकाच्या तळघरातच चाललो आहोत. कोंडलेल्या प्राण्यांचा विचार मनात येतो तेव्हा आजही आम्हास तोच गाभारा आठवतो.

तो विचार मनात येण्याचे कारण असे घडले. मागील वर्षी रामनवमीच्या दुसऱ्या दिवशी आमचे चिरंजीव मुंबईहून आले, ते लेकीच्या वाढदिवसाची भेट म्हणून दोन मासे घेऊन. प्लॅस्टिकच्या पिशवीत थोडे पाणी, वर प्राणवायू भरून तोंड घट्ट बांधलेले, आणि आत बोटाच्या दोन पेरांएवढे दोन जीव. रंग पिकल्या नारिंगाचा. अंगावर तीन पांढरे पट्टे, आणि प्रत्येक पट्ट्याला काळी किनार. यास इंग्रजीत विदूषकावरून नाव पडले आहे. म्हणून आम्हीही विदूषक मासाच म्हणू. २००३ साली निघालेल्या एका अमेरिकन चित्रपटामुळे जगातील सगळी लहान मुले त्यास ओळखतात. आमची नऊ वर्षांची नात त्यास अपवाद नव्हती. तिने पिशवीस गाल लावला, आणि त्या दिवशी वाढदिवसाचा लाडूही तिला आठवला नाही.

काचेची पेटी साठ लिटरांची होती. समुद्राचे पाणी हिंगोलीत कोठून आणावे? त्यावर युक्ती अशी की, क्षारांचे तयार पाकीट मिळते. ते मापाने गोड्या पाण्यात विरघळविले, म्हणजे हजार भागांत सुमारे पस्तीस भाग क्षार असलेले पाणी, समुद्राच्या पाण्यासारखे, घरी तयार होते. एवढे करून दुसऱ्या दिवशी चिरंजीव कामावर परत गेले, आणि पेटीची व्यवस्था आमच्याकडे आली. पाचव्या दिवशी एक मासा तळाशी आडवा पडलेला आढळला. दुसरा तगला. दिवस चैत्र-वैशाखाचे, हिंगोलीचे ऊन वाचकांस सांगावयास नको. पेटीतील पाणी रोज दोन तांबे तरी आटे. आम्ही न चुकता तितकेच खारे पाणी मापाने तयार करून भरीत असू. या कर्तव्यदक्षतेचा आम्हास थोडा अभिमानही होता. अक्षय्य तृतीयेच्या दिवशी पुरणाचा स्वयंपाक चालू असता दुसराही मासा गेला.

नातीने त्यास परसातील जास्वंदीखाली पुरले. सौ.ने सोवळ्याओवळ्याचा शब्दही काढला नाही. पुढे कित्येक दिवस मुलगी एकच विचारीत असे, "आजोबा, तो का मेला?" आम्ही सांगत असू, "उन्हाने." सांगताना आमचे आम्हासच ते पुरे वाटत नसे.

म्हणून रामेश्वरास जावयाचे ठरले तेव्हा मंडपमच्या केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्थेस आम्ही आधीच पत्र घातले, आणि तेथील उबवणी केंद्र पाहण्याची परवानगी मिळविली. ओखा-रामेश्वर गाडी आठवड्यातून एकदा आमच्या हिंगोलीवरून जाते. द्वारकेच्या नागेशाकडून निघून, औंढ्याच्या नागेशाजवळून, रामेश्वरास जाणारी ही गाडी ज्या कोणी आखली त्याने हेतूतः तसे केले की नाही कोण जाणे. सौ.चे मत, केलेच असावे. आम्ही, सौ. आणि नात असे तिघे निघालो.

प्रवासाचे वर्णन करीत नाही. पांबनच्या पुलाविषयी मात्र दोन शब्द लिहिले पाहिजेत. १९१४ साली बांधलेल्या जुन्या पुलावरून आमच्या वडिलांनी यात्रा केली होती, आणि खाली पाणी व वर आकाश याखेरीज काही दिसत नाही, असे ते सांगत. तो पूल २०२२ च्या डिसेंबरात रहदारीस बंद झाला. शेजारी बांधलेल्या नव्या पुलाचे उद्घाटन ६ एप्रिल २०२५ रोजी झाले. त्याचा मधला भाग जहाजांसाठी सरळ वर उचलला जातो. गाडी त्यावरून हळूहळू जाऊ लागली तेव्हा नातीने खिडकी सोडली नाही, आणि आम्हीही, वयाची भीड सोडून, तिच्या डोक्यावरून वाकून पाहत राहिलो. समुद्र आम्ही पूर्वी मुंबईस पाहिला होता. असा दोन्ही बाजूंनी, हिरवट निळा आणि तळ दिसावा इतका निवळ, पाहिला नव्हता.

रामेश्वराचे दर्शन, बावीस तीर्थांचे स्नान वगैरे सर्व यथासांग करून तिसऱ्या दिवशी आम्ही मोटारीने पुन्हा खाडी ओलांडून मंडपमला आलो. हे गाव म्हणजे जमिनीची एक निमुळती जीभ आहे. उत्तरेस पाल्कचा उपसागर, दक्षिणेस मन्नारचे आखात. मध्ये वाळू, ताडाची झाडे, काटेरी बाभळी आणि वारा. येथील छावणीचा इतिहास आम्हास अगोदर ठाऊक नव्हता. सिलोनच्या चहाकॉफीच्या मळ्यांवर जाणाऱ्या तमिळ मजुरांना समुद्रापलीकडे नेण्यापूर्वी, रोगाच्या भीतीने, या छावणीत अडकवून ठेवीत असत. ही व्यवस्था सिलोन सरकारची होती. केंद्रीय संस्था ३ फेब्रुवारी १९४७ रोजी स्थापन झाली आणि १९४९ पासून तिचे ठाणे येथे आले. १९७१ साली मुख्य कचेरी कोचीनला गेली, तरी मंडपमचे केंद्र चालू राहिले. ज्या जागी माणसे कोंडली जात होती तेथे आज मासे वाढविले जातात, हे ऐकून सौ. म्हणाली, "माणसांपेक्षा बरी बडदास्त असेल!" ती होती, हे पुढे कळेलच.

आम्हास केंद्र दाखविण्यास एक तरुण शास्त्रज्ञ बाई आल्या. बोलणे मोडक्यातोडक्या हिंदीत आणि इंग्रजीत चालले. पहिल्या दालनात पालक माशांच्या टाक्या होत्या. प्रत्येक टाकीत एक जोडपे, एक समुद्रपुष्प आणि एक उपडे घातलेले मातीचे मडके. समुद्रपुष्प हे फूल नव्हे, प्राणी आहे. त्याच्या पाकळ्यांसारख्या बाहूंना दंश असतो आणि सामान्य मासा त्यांना स्पर्श करील तर मरेल. विदूषक माशाच्या अंगावरील बुळबुळीत लेपामुळे त्यास तो दंश बाधत नाही. म्हणून तो आपले सारे आयुष्य त्या विषारी बाहूंच्या आश्रयाने काढतो आणि तेथून फार दूर कधी जात नाही. मडके कशाला, हे नातीने विचारले. अंडी चिकटविण्यास कठीण पृष्ठभाग लागतो. समुद्रात खडक, येथे मडके. मडके उचलून नेता येते, खडक येत नाही.

जोडपी जमवावी लागत नाहीत, ती आपोआप जमतात. आणि कशी, ते ऐकून आमची मंडळी थक्क झाली. विदूषक माशांची पिले जन्मतः ना नर असतात ना मादी. चारपाच पिले एका टाकीत ठेवली की त्यांत जो सर्वांत मोठा आणि दांडगा निघतो तो मादी होतो, त्याच्या खालचा नर होतो, आणि उरलेले तसेच लहान राहतात. मादी मेली तर नरच मादी बनतो, आणि रांगेतील पुढचा त्याचा नर होतो. म्हणजे त्या चित्रपटातील बापाने आई गेल्यावर मुलाचा शोध केला हे ठीक. पण खऱ्या समुद्रात तो बाप एव्हाना आईच झाला असता! यावर नातीने थोडा विचार केला आणि विचारले, "मग आमचा एक मासा मेल्यावर दुसरा एकटा राहिला, तेव्हा तो बाई झाला असेल का?" बाई हसल्या नाहीत. त्यांनी नीट उत्तर दिले: त्यास काही आठवडे किंवा महिने लागतात, तुझा मासा लहान होता, तो बहुधा अजून काहीच झाला नव्हता.

मादी दिवसा अंडी घालते. सुस्थितीतील जोडपे महिन्यातून दोन वेळा अंडी देते, आणि एका खेपेस काही शेकड्यांपासून हजाराच्या आसपास. आमच्या नशिबाने एका मडक्यावर ताजी अंडी होती. केशरी रंगाच्या भरडलेल्या रव्याचा थर दिल्यासारखी. शेजारच्या टाकीतील चार दिवसांची अंडी काळसर झाली होती, आणि त्यांहून जुन्या अंड्यांत चंदेरी डोळ्यांचे ठिपके दिसत होते. प्रत्येक अंड्यातून दोन डोळे आमच्याकडे पाहत होते! आणि नर अविश्रांत पंख्यासारखे पर हालवून त्यांच्यावर पाण्याचा झोत सोडीत होता. मधूनच तोंडाने एकेक अंडे पुशीत होता, मेलेली वेचून टाकीत होता. मादी जवळपास फिरत राहते, शत्रू आला तर धावून जाते, पण पाळणा हालवावयाचा तो त्याने. सौ.ने आमच्याकडे एकदा पाहिले. आम्ही दुसरीकडे पाहिले.

सातव्याआठव्या दिवशी, सूर्यास्तानंतर, काळोख झाल्यावर अंडी फुटतात. काळोखातच का? समुद्रात दिवसा फुटली तर भोवतालचे मासे ती क्षणात गट्ट करतील. म्हणून त्या दिवशी मडके अलगद उचलून पिलांच्या टाकीत नेतात आणि दिवे मालवितात. तासा-दोन तासांत पिले बाहेर येतात. लांबी तीनचार मिलिमीटर, अंग काचेसारखे पारदर्शक. बापाला येथे आणीत नाहीत. त्याच्या वाट्याची सेवा मडक्याखाली हवेची नळी सोडून यंत्राकडून करून घेतात.

आतापर्यंत जे सांगितले ते माशांनी स्वतः केले. खरी कसोटी पुढे आहे, आणि ती माणसाची आहे. पिलाच्या पोटाशी अंड्यातील बलकाची शिदोरी असते ती जेमतेम एक दिवस पुरते. त्याचे तोंड इतके लहान की, आपण माशांना घालतो तो कोणताही चुरा त्यात जावयाचा नाही. आणि हालचाल करणारे भक्ष्य नसेल तर ते त्याकडे ढुंकूनही पाहत नाही. म्हणून त्यास जिवंत अन्न लागते, आणि तेही मिलिमीटराच्या दहाव्या हिश्शाएवढे. हे अन्न म्हणजे रोटिफर नावाचे सूक्ष्म जीव. रोटिफरांना खावयास हिरवे शैवाल लागते. ते शैवाल वाढविण्यास पुन्हा वेगळी खोली लागते. तात्पर्य, एका माशाच्या बाळंतपणासाठी पाठीमागे दोन स्वयंपाकघरे अहोरात्र चालवावी लागतात.

शैवालाची खोली आम्हास फार आवडली. थंडगार; भिंतीलगत मांडण्या; मांडण्यांवर काचेचे चंबू, त्यांत हिरवे पाणी, प्रथम लहान चंबू, मग मोठे, मग बरण्या, आणि बाहेर उन्हात मोठमोठी पिंपे. लहान चंबूतील थोडे पाणी मोठ्यात घालावयाचे, ते वाढले की त्यातील थोडे त्याहून मोठ्यात. "अहो, हे तर विरजण!" सौ. म्हणाली. आम्ही त्याचे भाषांतर करून सांगितले, तेव्हा बाईंना फार आनंद झाला. त्यांच्या आजीच्या घरी विरजण कधी तुटू देत नसत म्हणे. येथेही तेच. मूळ चंबूतील शैवाल बिघडले तर रोटिफर उपाशी मरतात, आणि रोटिफर मेले तर त्या रात्री जन्मलेली पाचशे पिले. दहा ठिकाणी विरजण राखून ठेवतात ते याच भीतीने.

पिलांच्या टाकीतील पाणीही शैवालाने हिरवे केलेले असते. आम्ही वाकून पाहिले तर आधी काहीच दिसेना. मग डोळा स्थिरावल्यावर पाण्यातून पळणारे बारीक टिंबांचे जोड, म्हणजे डोळे, दिसू लागले. सातआठ दिवसांची झाली की त्यांचे उष्टावण होते. हा शब्द अर्थात सौ.चा. त्या वेळी त्यांना आर्टेमियाची नुकती जन्मलेली पिले देतात. हा एक खाऱ्या सरोवरातील झिंग्याच्या जातीचा क्षुद्र जीव आहे. त्याची अंडी तपकिरी भुकटीसारखी डब्यात वर्षानुवर्षे कोरडी राहतात आणि खाऱ्या पाण्यात टाकली की एका दिवसात फुटतात. अमेरिकेतील युटा प्रांताच्या ग्रेट सॉल्ट लेकमधून ती जगभर जातात. असा हा सुका शिधा! त्यावर पोसलेल्या पिलाच्या अंगावर दहाबारा दिवसांनी रंग भरू लागतो आणि पांढरा पट्टा उमटतो. पंधरवड्याच्या आसपास ते पाण्यात अधांतरी तरंगणे सोडून तळाशी येते आणि खऱ्या विदूषकासारखे डुलत पोहू लागते. मग त्यास मोठ्या टाकीत, आणि पुढे त्याहून मोठ्या टाकीत नेतात. मनूला ओंजळीत सापडलेला मासा मडक्यात, मग विहिरीत, मग नदीत आणि अखेर समुद्रात न्यावा लागला, ती मत्स्यावताराची कथा या टाक्यांच्या रांगेपुढे उभे राहिल्यावर कोणासही आठवेल. फरक एवढाच की, येथील मासा समुद्रात पोचत नाही.

पहिल्या तीन ते पाच दिवसांत पुष्कळ पिले दगावतात, असे बाईंनी सांगितले. बहुतेक भुकेने. अन्न भोवती असते, पण दिसत नाही. प्रकाश कमी झाला तर दिसत नाही, अधिक झाला तर पिले भिंतीवर आपटतात. रोटिफर थोडे पडले तर उपाशी राहतात, फार झाले तर पाणी नासते. हे सारे ऐकताना आम्हास आमच्या सिद्धेश्वर धरणातील रोहू-कटल्याची आठवण झाली. तो मासा लाखांनी अंडी घालतो आणि पाठ फिरवून निघून जातो. परंतु साठलेल्या पाण्यात तो अंडी घालीतच नसे. त्यास पावसाळ्यातील नदीचा पूर लागे. १० जुलै १९५७ रोजी कटक येथे हिरालाल चौधरी यांनी माशाच्या मेंदूतील ग्रंथीचा अर्क टोचून त्यास प्रसूत केले, तेव्हापासून आपल्या तलावांत सोडावयाची मत्स्यबीजे हुकमी मिळू लागली. तेथे अडचण होती ती अंडी घालविण्याची. येथे अंडी माशाने आपण होऊन दिली आहेत. अडचण आहे ती पहिल्या घासाची.

सगळेच सागरी मासे विदूषकाइतके सरळ नाहीत. डॅमसेल नावाच्या निळ्या माशांची पिले याहूनही लहान तोंडाची. त्यांना रोटिफरही गिळवत नाही, कोपेपॉड नावाच्या जीवाची नवजात पिले लागतात, आणि ती वाढविणे हा आणखी मोठा व्याप. मंडपमला डॅमसेलच्याही काही जातींची पैदास साधली आहे. अमेरिकेत विदूषक माशाची पैदास १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच धंद्याच्या प्रमाणावर सुरू झाली होती; परंतु त्याच चित्रपटमालिकेतील निळा टँग मासा बंदिवासात वाढविण्यास २०१६ साल उजाडावे लागले. त्यास कारण पुन्हा तेच, पहिला घास.

मग एवढा खटाटोप कशासाठी? पेट्यांत दिसणारे गोड्या पाण्यातील शोभेचे मासे बहुतेक माणसाने पैदा केलेले असतात. खाऱ्या पाण्यातील मात्र बहुतेक समुद्रातून पकडून आणलेले असतात. फिलिपाईन्सकडे १९६० नंतर एक दुष्ट रीत पडली: प्रवाळांच्या फटींत सायनाईडचे पाणी मारावयाचे, मासा गुंगला की उचलावयाचा. मासा दुकानात पोचून काही दिवसांनी मरतो, प्रवाळ तेथेच मरते. मंडपमच्या समोरच मन्नारच्या आखातातील प्रवाळबेटांचे राष्ट्रीय उद्यान आहे. ते १९८६ साली जाहीर झाले. येथील प्रवाळ कधी काळी चुनखडीसाठी खणून काढीत असत. आज त्यास कायद्याचे पूर्ण संरक्षण आहे. अशा ठिकाणी, किनाऱ्यावरच्या कोळ्याला जाळ्याऐवजी टाकी दाखविणे, हा या सूतिकागृहाचा हेतू. लक्षद्वीपात अगत्ती बेटावर लखनौच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोने तेथील स्त्रियांना असेच शोभेचे सागरी जीव वाढविण्यास शिकविले आहे. आणि आपल्या महाराष्ट्रात, नवी मुंबईत ऐरोली येथे, कांदळवन प्रतिष्ठानाने त्याच ब्यूरोच्या साह्याने विदूषक माशांची पैदास हाती घेतली आहे. मुंबईस जाणाऱ्या आमच्या वाचकांना मंडपमपेक्षा ऐरोली सोयीचे.

तरी आमच्या मनातील दारुकाचे तळघर गेले नव्हते. आम्ही बाईंना विचारले की, एका जिवाला जन्मभर काचेत कोंडावयाचे, यात पाप नाही काय? त्या म्हणाल्या, "याचा बाप येथेच जन्मला, हाही येथेच. समुद्रातही हा एका समुद्रपुष्पाजवळून हातभर लांब जात नाही. पण उत्तर तुम्हीच द्या." आम्हास पूर्ण समाधान झाले असे म्हणवत नाही. जो प्राणी समुद्राचा आहे तो समुद्रात असावा, हे आमचे मत कायम आहे. मात्र लोक मासे पाळणारच असतील, आणि ते थांबविणे आमच्या हाती नाही, तर प्रवाळातून ओरबाडलेल्यापेक्षा मडक्यावर जन्मलेला बरा, इतके आम्ही मानतो. आमच्या घरी आलेले दोन मासे यांपैकी कोणते होते? दुकानदाराने ते सांगितले नव्हते, आणि चिरंजीवांनीही विचारले नव्हते.

निघताना नातीने आपला प्रश्न बाईंना विचारलाच. त्यांनी सारी हकीकत शांतपणे ऐकून घेतली. पहिला मासा का गेला, हे त्यांनी लगेच सांगितले: नव्या पेटीत माशाच्या मलमूत्रापासून अमोनिया साठतो, त्यास निर्विष करणारे जंतू वाळूत आणि गाळणीत रुजण्यास काही आठवडे लागतात, त्यापूर्वी मासा सोडावयाचा नसतो. मग त्यांनी आमच्याकडे वळून विचारले, "आटलेल्या पाण्याच्या जागी काय घालीत होता?" आम्ही मोठ्या उत्साहाने सांगितले की, खारे पाणी, अगदी मापाने तयार केलेले, एक दिवसही न चुकता.

बाई क्षणभर गप्प राहिल्या. मग त्यांनी कागद घेतला. उन्हाने उडते ते पाणी. क्षार उडत नाहीत, पेटीतच राहतात. रोज दोन लिटर, एकवीस दिवस, बेचाळीस लिटर. तेवढ्या पाण्यातील सगळा क्षार साठ लिटरांच्या पेटीत जादा. हजारी पस्तीसचे साठाच्या घरात गेले. "गोडे पाणी घालावयाचे होते," त्या हळूच म्हणाल्या. नात त्या वेळी दाराशी उभी राहून पिलांच्या टाकीकडे पाहत होती. तिने ऐकले नाही, आणि बाईंनी ते मराठीत सांगण्याचे काम आमच्यावर सोडले.

मोटार पुन्हा पुलावर चढली तेव्हा ऊन कलले होते. खाली कोळ्यांच्या होड्या रांगेने नांगरलेल्या होत्या. सौ.ने आमचा चेहरा पाहिला होता. ती काही बोलली नाही. पुलाच्या मध्यावर आम्ही नातीस सर्व सांगितले, आकड्यांसह. उन्हाने नव्हे, आमच्या हातून मेला, असेही सांगितले. ती बराच वेळ होड्या मोजीत राहिली. मग म्हणाली, "पण तुम्हाला माहीत नव्हतं ना, आजोबा?"

"नव्हते."

"पाकिटावर लिहिलं असेल."

"असेल. अक्षरे बारीक होती."

"चष्मा होता की."

यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. हिंगोलीस परत आल्यावर, हातपाय धुण्यापूर्वी, तिने माळ्यावरून पेटी आणि तिच्यातील ते क्षारांचे रिकामे पाकीट खाली काढविले. सूचना होत्या. आठव्या ओळीत, आटलेल्या पाण्याची भर केवळ गोड्या पाण्याने करावी, असे स्पष्ट छापलेले होते. तिने त्या ओळीखाली तांबड्या पेन्सिलीने रेघ ओढून ते पाकीट आमच्या पुस्तकांच्या कपाटावर, आतल्या बाजूस, आमच्या डोळ्यांच्या उंचीवर चिकटविले आहे.